दीड हजार डॉलरचे संशोधन केंद्र

मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव नवे नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतील हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ मराठी घरांत पोहोचला. गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा, शिक्षणासाठी त्याने केलेली वणवण आणि शेंगदाण्यापासून बनवलेले शेकडो पदार्थ एवढे बहुतेकांच्या स्मरणात असते. एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. कार्व्हर हे कायद्याने स्थापन झालेल्या एका कृषी संशोधन केंद्राचे संचालक होते. या केंद्राला सरकारकडून वर्षाला मिळत ते अवघे दीड हजार डॉलर.

त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळ झाला. तान्हे असताना दरोडेखोरांनी आईसह त्यांना पळवून नेले. मूल परत मिळाले, आई कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या गोऱ्या दांपत्याने त्यांना वाढवले. कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि हा विद्यार्थी काळा आहे हे प्रत्यक्ष पाहिल्यावर नाकारला. पुढे आयोवातील सिम्प्सन कॉलेजात ते चित्रकला शिकू लागले. तेथील चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांचा वनस्पतींकडे असलेला ओढा ओळखून त्यांना एम्स येथील कृषी महाविद्यालयाकडे वळवले. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी त्यांनी तेथेच मिळवली. लुई पॅमेल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करणारे कार्व्हर त्या संस्थेतील पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी होते आणि पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही. सुसज्ज हरितगृह, उत्तम प्रयोगशाळा आणि संशोधकाचे निश्चिंत आयुष्य त्यांच्यापुढे होते. अशा वेळी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातील टस्कीगी येथे बोलावले.

१८९६ च्या ऑक्टोबरमध्ये कार्व्हर तेथे पोहोचले, तेव्हा शेतीची प्रयोगशाळा म्हणावी असे काहीच नव्हते. उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटक्या बरण्या आणि टाकाऊ भांडी गोळा करून विद्यार्थ्यांकरवी त्यांनी उपकरणे तयार केली. भोवतालची जमीन वर्षानुवर्षे घेतलेल्या कापसाने निःसत्त्व झाली होती. शेतकरी बहुतांश कृष्णवर्णीय आणि बटाईदार. गुलामी कायद्याने संपली होती, पण बियाणे, अवजारे आणि पोटाला लागणारे धान्यही उभ्या पिकाच्या तारणावर उधार घ्यावे लागे. सावकाराला किंवा जमीनमालकाला हवा असे तो कापूस. त्यामुळे झोपडीच्या दारापर्यंत कापूसच लावलेला असे आणि घरात खायला मक्याचे पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. विदर्भातील वाचकाला या चित्राचा काही भाग ओळखीचा वाटावा.

अमेरिकेत कृषी संशोधनाची राष्ट्रीय व्यवस्था तोवर उभी राहिली होती. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याला संशोधन केंद्रासाठी वर्षाला १५ हजार डॉलर मिळू लागले. अलाबामात हा निधी ऑबर्न येथील गोऱ्यांच्या महाविद्यालयाकडे जाई. टस्कीगीसाठी राज्याच्या विधिमंडळाने फेब्रुवारी १८९७ मध्ये स्वतंत्र कायदा करून केंद्र मंजूर केले आणि त्याला दिले वर्षाला १५०० डॉलर, म्हणजे बरोबर एक दशांश. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचे कृषिमंत्री जेम्स विल्सन स्वतः टस्कीगीला आले. हे विल्सन एम्स येथे कार्व्हर यांचे वरिष्ठ होते आणि त्यांच्याविषयी त्यांना आदर होता. तरीही हा आकडा वाढला नाही.

या तुटपुंज्या रकमेचा परिणाम केंद्राच्या संशोधनावरच झाला. कार्व्हर यांचे शिक्षण त्या काळच्या प्रगत शेतीत झाले होते. सुरुवातीला त्यांनीही रासायनिक खतांचे प्रयोग केले. मात्र ज्याच्यासाठी हे करायचे, त्या बटाईदाराला खताचे पोते परवडणारे नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. मग त्यांनी प्रश्नच बदलला. सर्वाधिक उत्पादन कशाने येईल, हे विचारण्याऐवजी हाती पैसा नसलेल्या माणसाला काय करता येईल, हे ते शोधू लागले. दलदलीतील कुजका गाळ, जंगलातील पालापाचोळा आणि शेणखत हे त्यांचे खत झाले. हवेतील नत्र जमिनीत आणणारी चवळी आणि भुईमूग ही पिके कापसाशी आलटून पालटून घ्यावीत, रताळी लावावीत, असे त्यांनी सांगितले. ही पिके जमीन सुधारत किंवा घरात खायला मिळत. सावकाराच्या खात्यावर जाण्याआधी ती पोटात जात, हे त्यांचे खरे मोल होते.

केंद्राच्या पुस्तिका हे या कामाचे सर्वात बोलके रूप आहे. पहिली पुस्तिका १८९८ मध्ये निघाली. विषय होता ओक वृक्षाची फळे जनावरांना चारण्याचा. रानात फुकट पडलेल्या वस्तूवर शास्त्रज्ञाने पुस्तिका लिहावी, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. नंतर रताळी, चवळी, कस गेलेल्या जमिनीची सुधारणा असे विषय येत गेले. भाषा अगदी साधी. पीक कसे घ्यावे हे सांगून झाले की ते कसे शिजवावे, कसे टिकवावे हेही त्यातच असे. १९१६ मध्ये भुईमुगावरील प्रसिद्ध पुस्तिका आली. तीत लागवडीबरोबर १०५ पाककृती होत्या. शेंगदाण्याच्या कीर्तीचे मूळ येथे आहे. ही शेतकऱ्याच्या चुलीसाठी केलेली पुस्तिका होती, कारखान्यासाठी नव्हे.

ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर म्हणून १९०६ मध्ये न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून एक घोडागाडी सजवण्यात आली. नांगर, बियाणे, लोणी काढण्याचे यंत्र असे साहित्य घेऊन ही ‘जेसप वॅगन’ खेडोपाडी जाऊ लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टस्कीगीचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल यांची केंद्रीय कृषी खात्याने प्रात्यक्षिक अधिकारी म्हणून नेमणूक केली. या पदावर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय. कृषी विस्तार सेवा म्हणून आज जे ओळखले जाते, त्याच्या प्रारंभीच्या वाटांपैकी ही एक होती.

कार्व्हर निर्दोष प्रशासक होते असे मुळीच नाही. आल्या आल्या त्यांनी आपल्या वनस्पतिसंग्रहासाठी वेगळी खोली मागितली आणि दोघांत एक खोली वाटून घेणाऱ्या सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. कुक्कुटपालनाचा विभाग त्यांना कधी नीट सांभाळता आला नाही. त्याच्या हिशेबांवरून चौकशी समिती नेमण्याची पाळी आली. काटेकोर शिस्तीचे वॉशिंग्टन आणि प्रयोगांत रमणारे कार्व्हर यांच्यात अनेक वर्षे खटके उडाले. राजीनाम्याची भाषा कितीदा तरी झाली. अखेर १९१० मध्ये कृषी विभाग दुसऱ्याकडे सोपवून कार्व्हर यांच्याकडे संशोधन आणि प्रयोग केंद्र तेवढे ठेवण्यात आले. अर्थात, शिकवणे, शेत, कोंबड्या, समित्या आणि संशोधन असा पाच जणांचा भार एकाच माणसावर पडला होता, हेही नमूद करायला हवे.

१९१४ मध्ये स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तार सेवेला देशव्यापी निधी मिळाला. तो कोणत्या संस्थेला द्यायचा हे मात्र राज्यांवर सोडले गेले आणि दक्षिणेकडील राज्यांनी तो गोऱ्यांच्या महाविद्यालयांच्या स्वाधीन केला. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन यांचे निधन झाले.

यानंतरचे कार्व्हर जगाला अधिक ठाऊक आहेत. कापसाची बोंडे पोखरणारा भुंगा १९१० च्या सुमारास अलाबामात शिरला आणि भुईमुगाकडे शेतकरी वळले. जानेवारी १९२१ मध्ये आयात करासंबंधीच्या संसदीय समितीपुढे कार्व्हर यांनी शेंगदाण्याचे पदार्थ मांडले. दहा मिनिटांची वेळ मिळाली होती, ती सदस्यांनीच वाढवत नेली. त्या दिवसापासून ते देशभर ‘शेंगदाणावाले’ झाले. त्यांच्या नावावरील सुमारे तीनशे पदार्थांपैकी बहुतेकांचे व्यापारी उत्पादन कधीच झाले नाही. त्यांची पेटंट तीनच, तीही सौंदर्यप्रसाधने आणि रंग यांची. पीनट बटर त्यांनी शोधले हा समजही चुकीचा आहे. ही दंतकथा जसजशी मोठी होत गेली, तसतसे गाळ, चवळी आणि पुस्तिकांचे काम मागे पडत गेले.

एम्स येथे असताना एका सहकाऱ्याच्या लहान मुलाला कार्व्हर रानात हिंडायला नेत आणि झाडे ओळखायला शिकवत. तो मुलगा हेन्री वॉलेस. १९३३ मध्ये तो अमेरिकेचा कृषिमंत्री झाला. १९४० च्या अखेरीस त्याने मेक्सिकोचा दौरा केला आणि तेथील शेतकऱ्यांची स्थिती पाहून संशोधनाला मदत व्हावी असा आग्रह धरला. त्यातून १९४३ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानचा मेक्सिकोतील कार्यक्रम सुरू झाला. नॉर्मन बोरलॉग तेथेच घडले आणि त्यांचा गहू १९६० च्या दशकात भारतात आला.

कार्व्हर अविवाहित राहिले. पगार त्यांनी फारसा खर्चच केला नाही. सुमारे ६० हजार डॉलरची आयुष्यभराची बचत त्यांनी टस्कीगीतील संशोधन पुढे चालावे म्हणून स्थापन केलेल्या प्रतिष्ठानला दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांची समाधी आहे. त्याच वर्षी त्यांच्या जन्मस्थळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. टस्कीगी आणि इतर कृष्णवर्णीय संस्थांना कृषी संशोधनासाठी केंद्राचा नियमित निधी कायद्याने मिळाला तो १९७७ मध्ये.