काशीबाई कानिटकर : लपून शिकलेली लेखिका

सांगली जिल्ह्यातील आष्टे या गावी २० जानेवारी १८६१ रोजी काशीबाईंचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते, परंतु मुलीला शाळेत घालण्याची पद्धत नव्हती. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाले. नऊ वर्षे म्हणजे आमच्या शाळेतील चौथीची मुलगी.

गोविंदराव सुधारक मताचे, कविता करणारे होते. पुढे ते न्यायखात्यात नोकरीला लागले. जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील पुस्तकाचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. त्यांना शिकलेली पत्नी हवी होती. पण त्या काळी बाईने पुस्तक हाती धरले तर तिच्या नवऱ्याचे आयुष्य कमी होते, असे समजणारी माणसे घरोघर होती. तेव्हा काशीबाईंची अवस्था काय झाली असेल, याचा मुलींनी विचार करावा. नवऱ्याची मर्जी राखायची तर शिकले पाहिजे, आणि सासरच्या वडीलधाऱ्यांची मर्जी राखायची तर शिकता कामा नये! काशीबाई घरच्या मोठ्या माणसांची नजर चुकवून वाचायला शिकल्या. मराठीनंतर संस्कृत आणि इंग्रजीही शिकल्या. शाळा नाही, वर्ग नाही, परीक्षा नाही.

गोविंदरावांना याचे श्रेय दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. तरी आम्हांस वाटते की आरंभी हे शिक्षणही काशीबाईंवर लादलेलेच होते, जसे लग्न लादलेले होते. पुढे ते त्यांनी आपलेसे केले, हा मोठेपणा त्यांचा स्वतःचा आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही लग्न नवव्या वर्षीच झालेले. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी वारल्या. काशीबाई त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. आनंदीबाईंची पत्रे मिळवून त्यांनी १८८९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे लिहिलेले हे पहिले चरित्र मानले जाते. ज्या बाईला स्वतःला शाळा मिळाली नाही, तिने सातासमुद्रापार शिकायला गेलेल्या मुलीची कहाणी सांगितली.

कादंबरीकार हरि नारायण आपटे हे काशीबाईंचे साहित्यातील स्नेही. 'पण लक्षांत कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी यमू या मुलीच्या तोंडून सांगितलेली आहे. बालविवाह आणि वैधव्य यांत भरडली जाणारी ही मुलगी घरोघरच्या वाचकांना रडवून गेली. पण ती एका पुरुषाने लिहिली होती. काशीबाईंनी जे लिहिले ते अनुभवून लिहिले. 'रंगराव' ही त्यांची कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपाने आली, 'चांदण्यातील गप्पा' हा कथासंग्रह १९२१ साली. १९२८ च्या 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत घरच्यांच्या मानमरातबाच्या हौसेपायी एका मुलीचे लग्न मतिमंद संस्थानिकाशी लावून दिले जाते. ती रडत बसत नाही. कारभार हाती घेते आणि राज्यातील स्त्रियांची स्थिती पालटते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हे स्वप्न छापणारी लेखिका आम्हांस फार आवडते.

असे प्रश्न फक्त आपल्याकडचे नाहीत. नायजेरियाच्या बुची एमेचेटा (१९४४-२०१७) यांचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित नवऱ्याने जाळून टाकले. पाच मुलांना घेऊन त्या वेगळ्या झाल्या, लंडनमध्ये पदवी घेतली आणि तीच कथा पुन्हा लिहून काढली. 'द ब्राइड प्राइस' नावाने ती १९७६ साली आली. तिकडे हुंडा उलटा, म्हणजे मुलीच्या घरी पैसे येतात. कथेतील अकु-ना या मुलीला वडिलांच्या मृत्यूनंतर काका शाळेत राहू देतो, ते एवढ्याच हिशेबाने की शिकलेल्या मुलीचे पैसे जास्त मिळतील. आमच्याकडे काही पालक मुलीला बारावीपर्यंत ठेवा म्हणतात, स्थळ चांगले मिळावे म्हणून. हिशेब फार वेगळा नाही.

अफझलगंज, बेगम बाजार, जांबाग या भागांतील आपल्या घरांतून मुली आता शाळेत येतात. लपून शिकावे लागत नाही. पण दहावीनंतर एखादीचे नाव कमी होते आणि कारण विचारले तर आई खाली बघते.

काशीबाई १९४८ साली वारल्या. त्यांचे आत्मचरित्र अपुरे राहिले होते. पुढे सरोजिनी वैद्य यांनी ते संपादित केले आणि सोबत काशीबाईंचे चरित्रही लिहिले. हे पुस्तक आणि 'द ब्राइड प्राइस' शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवीत आहोत. वाचू इच्छिणाऱ्या आठवी ते दहावीच्या मुलींनी, आणि मुलांनीही, मराठीच्या बाईंकडे नावे द्यावीत.