सावरकरांनी मार्सेलिसलाच उडी का मारली? उत्तर एका वॉरंटमध्ये आहे

मार्सेलिसची उडी शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण त्याआधी लंडनच्या कोर्टांत एका वॉरंटवरून झालेली लढाई फारशी कुणी सांगत नाही.

झालं असं की, २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत पोहोचला. बॅरिस्टर व्हायला गेलेले भगूरचे विनायक दामोदर सावरकर तिथेच होते. मुंबईहून वॉरंट निघालं आणि १३ मार्च १९१० ला पॅरिसहून परतताच व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. राजाविरुद्ध युद्ध, शस्त्रपुरवठा, खुनाला चिथावणी, राजद्रोही भाषणं असे आरोप होते.

खरी मेख कायद्यात होती. दोन वेगळ्या देशांत आरोपी सोपवायचा तर प्रत्यार्पणाचा करार लागतो आणि राजकीय गुन्ह्यासाठी सहसा कुणाला सोपवत नाहीत. पण हे वॉरंट १८८१ च्या फ्युजिटिव्ह ऑफेंडर्स ॲक्टखालचं होतं. हा कायदा ब्रिटिश साम्राज्याच्या आतला. त्यात राजकीय गुन्ह्याला सूटच नव्हती.

एक वाट मात्र उघडी होती. आरोपीला परत पाठवणं अन्यायाचं ठरेल असं वाटलं, तर कोर्ट नकार देऊ शकत होतं. सावरकरांच्या वकिलांनी तोच मुद्दा धरला. मुंबईत विशेष न्यायाधिकरणापुढे, ज्युरीशिवाय खटला चालणार होता. पण बो स्ट्रीटचं कोर्ट, मग हायकोर्ट, शेवटी जूनमध्ये अपील कोर्ट, सगळीकडे नकारच मिळाला.

१ जुलैला मोरिया बोट निघाली. ८ जुलैला सावरकरांनी मार्सेलिसला समुद्रात उडी घेतली. फ्रान्सच्या जमिनीवर ते वॉरंट लागूच नव्हतं. तिथून न्यायचं तर रीतसर प्रत्यार्पण लागलं असतं, आणि राजकीय गुन्ह्याची ढालही मिळाली असती. पण एका फ्रेंच पोलिसानंच त्यांना धरून ब्रिटिशांच्या हवाली केलं.

फ्रान्सनं सावरकरांना परत मागितलं. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, पण मुंबईचा खटला थांबला नाही. फ्रान्समधली अटक बेकायदा असली तरी आमचा अधिकार जात नाही, अशी तिथल्या न्यायाधीशांची भूमिका होती. डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये दोन जन्मठेपी झाल्या, म्हणजे ५० वर्षं काळं पाणी. २४ फेब्रुवारी १९११ ला हेगचा निकाल आला: अटकेत अनियमितता झाली, पण ब्रिटननं कैदी परत द्यायची गरज नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये सावरकर अंदमानात पोहोचले. अटक चुकीची असेल तर खटलाही बाद व्हावा का, या प्रश्नावर हेगचा तो निकाल आजही चर्चेत येतो.