डीएच : विमानांचे क्रमांक आणि एक आयुष्य

इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाच्या घरी १८८२ साली जन्मलेल्या जेफ्री डी हॅविलंड यांनी आजोबांकडून मिळालेल्या हजार पौंडांतून विमान बांधायला घेतले. डिसेंबर १९०९ मध्ये ते पहिल्याच उड्डाणात मोडले. जेफ्री बचावले, इंजिनही वाचले. तेच इंजिन बसवून त्यांनी दुसरे विमान बांधले आणि १९१० मध्ये ते उडवले.

१९१४ मध्ये ते ‘एअरको’ कंपनीत रचनाकार म्हणून गेले. तिथल्या त्यांच्या विमानांना आडनावाच्या आद्याक्षरांवरून डीएच.१, डीएच.२ असे क्रमांक मिळाले. १९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, तरी क्रमांकांची मालिका तीच राहिली.

२२ फेब्रुवारी १९२५ रोजी डीएच.६० या दोन आसनी हलक्या विमानाचा आद्य नमुना जेफ्री यांनी स्वतः उडवला. त्याचे पंख मागे दुमडता येत. जेफ्री यांना कीटकांचा नाद होता. म्हणून विमानाचे नाव ठेवले ‘मॉथ’, म्हणजे पतंग.

पुढे क्रमांकाला अक्षरे जोडली गेली. डीएच.६०जी म्हणजे ‘जिप्सी’ इंजिनाचे, तर डीएच.६०एम म्हणजे धातूच्या सांगाड्याचे मॉथ. ‘पस मॉथ’चा १९२९ मधील आद्य नमुना डीएच.८० लाकडी धडाचा होता. कारखान्यातून विक्रीसाठी निघालेल्या डीएच.८०ए चे धड पोलादी नळ्यांचे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते पस मॉथमधूनच.

नावे मात्र फसवतात. १९२७ मधील ‘टायगर मॉथ’ हे एका जोडीच्या पंखांचे, शर्यतीचे विमान (डीएच.७१), १९३१ मधील ‘टायगर मॉथ’ हे दोन मजली पंखांचे, वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे विमान (डीएच.८२). त्यामुळे जुन्या छायाचित्रातील विमान ओळखताना अभ्यासक नावापेक्षा क्रमांकावर भिस्त ठेवतात.

आद्य नमुना म्हणजे न तपासलेले यंत्र. त्यात कुणाला तरी बसावेच लागते. जेफ्री यांचा धाकटा मुलगा जॉन १९४३ मध्ये चाचणी उड्डाणात दोन विमानांची टक्कर होऊन गेला. थोरला मुलगा, त्याचेही नाव जेफ्रीच, १९४६ मध्ये डीएच.१०८ हे बिनशेपटीचे जेट विमान हवेत मोडून मरण पावला. या विमानाचे तीनच नमुने बनले. तिन्ही कोसळले आणि तिन्ही वैमानिक दगावले. डीएच.१०८ कधी उत्पादनात आले नाही.

वडील जेफ्री १९६५ मध्ये, ८२व्या वर्षी निवर्तले.