माळावरची वाडी : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. एका घराण्याचे नाव गावाला आणि गावाचे नाव स्थानकाला मिळावे, असे क्वचितच घडते. पूर्वी याच स्थानकाला कुंडल रोड म्हणत आणि भोवती होते फक्त निवडुंगाचे माळरान. त्या माळावर ज्यांनी वस्ती उभी केली, त्या लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्करांचे चरित्र आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी तरी अवश्य जाणून घ्यावे. कारण हा कारखानदार मुळात चित्रकार व्हायला निघाला होता.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासापेक्षा चित्रकला आणि यंत्रे यांकडेच त्यांचा ओढा होता. वडिलांची नाराजी पत्करून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तेथे ध्यानात आले आणि रंगांची वाट बंद झाली. दुसरा कोणी खचला असता. लक्ष्मणरावांनी यंत्रांच्या आराखड्यांची रेखाकला आत्मसात केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलून ती दुसऱ्याला देण्यात आली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून ते बेळगावास परतले.

तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! तयार नांगर दोन वर्षे गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. लोकांच्या अज्ञानाला बोल न लावता लक्ष्मणरावांनी धीर धरला आणि हळूहळू शेतकऱ्यांची खात्री पटत गेली.

व्यवसायाने मूळ धरले न धरले तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या वेळी औंधच्या देवीच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानी ही अडचण गेली. त्यांनी कुंडल रोडजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. मार्च १९१० मध्ये मूठभर सहकाऱ्यांसह किर्लोस्कर कुटुंब या माळावर आले. पाणी दुर्मिळ, साप-विंचवांचा सुळसुळाट. मुलगा शंतनू तेव्हा पुरता सात वर्षांचाही नव्हता.

येथे कुटुंब या शब्दाचा अर्थच रुंदावला. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी पाहिली, शंभूराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी या सगळ्यांचे घरपण राखले. शिक्षा भोगून आलेल्यांना रखवालीचे काम मिळाले आणि अस्पृश्यतेला वाडीत थारा उरला नाही. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' निघाले. नांगराच्या फाळाबरोबर छापील शब्दही या माळावरून महाराष्ट्रभर गेला.

परंतु वाडीची खरी कसोटी १९४८ मध्ये लागली. गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. ज्या पंचक्रोशीसाठी नांगर घडविले, तिच्यातच हा वणवा पेटावा, याचे दुःख एकोणऐंशीच्या घरात पोहोचलेल्या त्या वृद्धाला किती झाले असेल! जातिभेद आपल्या कुंपणाच्या आत मिटवता येतो. कुंपणाबाहेरचा मिटविणे एका घराण्याच्या हातचे नसते, हा कठोर धडा त्या राखेत होता. तरीही वाडी सोडली गेली नाही. त्याच जागी कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. शंतनुरावांनी तोवर या उद्योगाचा विस्तार दूरवर नेला होता.

मित्रहो, माळरान नांगरणारे पुष्कळ असतात. पण जळालेल्या माळावर दुसऱ्यांदा पेरणी करण्यासाठी जे बळ लागते, ते केवळ भांडवलातून येत नाही. बंद झालेल्या वाटेशेजारी दुसरी वाट शोधण्याची सवय लक्ष्मणरावांना कलाशाळेतच जडली होती. परीक्षेतल्या एखाद्या अपयशाने आपण खट्टू होतो, तेव्हा रंग न ओळखणाऱ्या या चित्रकाराची आठवण ठेवावी, एवढेच सांगणे.