घरे न पाडता शहर सुधारणारे गेडिस कोण होते?

भिवंडीत यंत्रमाग आणि घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. अशा वस्तीत वाचनालय किंवा समाजमंदिर बांधायचे, तर कोणाचे घर पाडायचे? शेजारच्या ठाण्यासह अनेक शहरांत पायी हिंडून हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस यांनी सोडवू पाहिला.

१८५४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. एडिनबरामधील जुन्या, दाटीच्या वस्तीत ते पत्नी ॲना यांच्यासह स्वतः राहायला गेले. घरे दुरुस्त केली, पडीक तुकड्यांत बागा केल्या.

१९१४ मध्ये ते भारतात आले. सरकारी अभियंते सरळ, रुंद रस्त्यासाठी ओळीने घरे पाडायला निघत. गेडिस आधी गल्लीबोळ पाहत. एखादेच मोडके घर काढले, तरी तेवढ्यात चौक होतो, झाड लागते, बसायला पार होतो. बाकीचे लोक आपल्या घरातच राहतात. खर्चही कमी. प्लेगने त्रासलेल्या इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. ती स्वच्छ रस्त्यांवरूनच जाणार म्हटल्यावर रहिवाशांनीच झाडू हाती घेतला!

१९१७ मध्ये मुलगा युद्धात गेला, त्याच वर्षी ॲनाही भारतातच वारल्या. तरी ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. भारतातले त्यांचे बरेच आराखडे मात्र कागदावरच राहिले.