गुलाम म्हणून आलेल्या आफ्रिकन मलिक अंबरने मुघलांना जेरीस आणलं होतं

आफ्रिका म्हणजे जंगल, भूक आणि गुलामी, हे युरोपाने रंगवलेलं चित्र आपल्याही डोक्यात बसलंय. पण शिरूरला घोड नदी ओलांडून नगरकडे गेलात, तर तिथली निजामशाही एका हबशाने सांभाळली होती. मलिक अंबर.

जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियात. लहानपणीच विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनला पोहोचला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाही वजीर चंगेझखानही हबशीच! पुढे अंबरने गनिमी काव्याने मुघलांना इतकं सतावलं, की जहांगीरने त्याच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं कधी हाती लागलंच नाही. १६२४ ला भातवडीत शहाजीराजेही अंबरच्या बाजूने लढले.

१६१० ला त्याने वसवलेली खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर-ए-अंबरी त्याचीच. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे.