माणसे ओळखणारा कारखानदार

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक आहे. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. त्या काळी येथे वस्ती नव्हती. जिकडे तिकडे खडकाळ माळ पसरलेला होता. माळावर निवडुंग वाढलेला होता आणि त्यात सापांचा सुळसुळाट होता. अशा ओसाड जागी 1910 साली एक मनुष्य पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन राहायला आला. त्याने तेथे कारखाना उभा केला आणि एक गावही वसवले. हा मनुष्य म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. लहानपणी त्यांना पुस्तकी अभ्यासात फारशी गोडी नव्हती. चित्रे काढणे आणि यंत्रांची खटपट करणे या दोनच गोष्टी त्यांना मनापासून आवडत. चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला जावे, असे त्यांच्या मनाने घेतले. वडिलांना हा विचार पसंत नव्हता. तेव्हा थोरले बंधू रामचंद्रराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. घरात सारे त्यांना रामूअण्णा म्हणत. त्यांनी पैशाची मदत केली आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षे गेली आणि एक मोठी अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक कळत नव्हता. रंग न ओळखणारा चित्रकार कसा होणार? दुसरा कोणी असता तर निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय आहे याचा विचार केला. रेषा काढण्यात त्यांचा हात पक्का होता. म्हणून त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या शिकून घेतली. या विद्येला रंगांची गरज नव्हती. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली.

नोकरीत त्यांनी मन लावून काम केले. यंत्रांविषयीची पुस्तके वाचली, यंत्रे खोलून पाहिली. त्यामुळे बढतीची जागा निघाली तेव्हा ती आपल्याला मिळेल, असे त्यांना वाटत होते. परंतु ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. इंग्रजी अमलात असे नेहमी घडत असे. लक्ष्मणरावांच्या मनाला ही गोष्ट फार लागली. काम कोणाला येते हे न पाहता माणूस कोण आहे हे पाहिले जाते, याचा त्यांनी स्वतः अनुभव घेतला. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले.

बेळगावात 1888 पासून किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. रामूअण्णा ते सांभाळत असत. आता दोघा भावांनी मिळून एक लहानसा कारखाना काढला. आपल्या देशातील बहुतेक लोक शेती करतात, तेव्हा शेतकऱ्याला उपयोगी पडतील अशी अवजारे बनवावीत, असे त्यांनी ठरवले. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. मग 1903 साली लोखंडी नांगर तयार झाला.

लाकडी नांगराने जमीन वरवरच नांगरली जाते. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो आणि तणाची मुळे वर काढतो. हे खरे असले तरी शेतकरी नांगर घ्यायला तयार होईनात. लोखंडामुळे जमिनीत विष पसरते आणि पीक येत नाही, अशी त्यांची समजूत होती. नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. एवढा काळ माल पडून राहिला, तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांना नांगराचा गुण कळू लागला.

धंद्याला बरे दिवस येत होते, इतक्यात नवे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. तिने जागा खाली करण्याचा हुकूम दिला. यंत्रे, माणसे आणि माल घेऊन जायचे कोठे? या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोडजवळची बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जही दिले. 10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

जमीन मिळाली, पण नुसत्या जमिनीवर कारखाना चालत नाही. त्यासाठी माणसे लागतात. रानावनात येऊन राहायला मोठमोठ्या पदव्या मिळवलेले लोक कोठून येणार? लक्ष्मणरावांनी पदव्यांकडे पाहिले नाही. प्रत्येकाच्या अंगी कोणता गुण आहे, हे त्यांनी शोधले आणि त्या गुणाला शोभेल असे काम त्याला दिले.

रामूअण्णांना व्यवस्था पाहण्याची हौस होती. वसाहतीची आखणी व कारभार त्यांच्याकडे आला. शंभूराव जांभेकर यांना बिघडलेल्या यंत्राचे दुखणे चटकन कळत असे. यंत्रे सुरू ठेवणे हे त्यांचे काम झाले. मंगेशराव रेगे हिशेबाला पक्के होते. त्यांनी हिशेब आणि कोठार सांभाळले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडली होती, पण नवी युक्ती काढण्यात त्यांचे डोके चालत असे. ते उत्तम इंजिनियर ठरले. के. के. कुलकर्णी यांना परीक्षेत यश मिळाले नव्हते. त्यांनी कारखान्याची व्यवस्था, कोर्टकचेरीची कामे आणि मालाची प्रसिद्धी अशी अनेक कामे सांभाळली. शाळेने ज्यांना नापास ठरवले होते, ते किर्लोस्करवाडीत पास झाले.

शंकरराव हे लक्ष्मणरावांचे पुतणे. ते चित्रकार होते. लोखंडाच्या कारखान्यात चित्रकाराचे काय काम, असे कोणालाही वाटेल. परंतु त्यांच्याकडे जाहिरातींचे काम देण्यात आले. त्यांनीच 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने ते महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले.

लक्ष्मणरावांचा माणसांवरचा विश्वास किती मोठा होता, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. एकेकाळी दरोडेखोर म्हणून ज्यांची दहशत होती, अशा माणसांना त्यांनी किर्लोस्करवाडीत रखवालदार नेमले. ज्यांच्यापासून लोक आपले घर जपत, त्यांच्याच हाती साऱ्या गावाचे रक्षण सोपवले. हे धाडसच होते. पण विश्वास टाकल्यावर ती माणसे विश्वासाला जागली. त्या काळी समाजात शिवाशिव फार होती. लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारे लोखंड मिळेनासे झाले. लोखंड नाही तर नांगर नाहीत आणि नांगर नाहीत तर कामगारांना काम नाही, अशी वेळ आली. अशा वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीला धावले. त्यांनी आपल्याकडील जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून लोखंड मिळवण्यात आले. जे लोखंड पूर्वी लढाईत आग ओकत होते, ते आता शेतात माती उलथू लागले.

युद्ध संपल्यावर कारखाना वाढत गेला. नांगरांबरोबर उसाचे चरक, पाण्याचे पंप, लोखंडी खुर्च्या व टेबले तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनियरिंग शिकून आले. त्यांनी पुढे पुण्यात इंजिनांचा मोठा कारखाना काढला. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

लक्ष्मणरावांच्या कारखान्याला सुरुवातीला ना पैसा होता, ना चांगली जागा, ना शिकलेली माणसे. तरीही तो उभा राहिला. याचे कारण काय? कामावरचा प्रमुख नुसते हुकूम सोडत असेल, तर माणसे हुकमापुरतेच काम करतात. प्रमुखाने आपला गुण ओळखला, आपल्यावर भरवसा ठेवला, असे कळले की माणूस ते काम आपले समजून करतो. लक्ष्मणरावांना स्वतःला एकदा डोळ्यांतील उणिवेमुळे वाट बदलावी लागली होती आणि एकदा हक्काची बढती गमवावी लागली होती. म्हणूनच बहुधा, माणसाची उणीव न पाहता त्याचा गुण पाहण्याची दृष्टी त्यांना लाभली असावी.

मुलांनो, तुमच्याही वर्गात कोणी गणितात मागे असतो, पण बिघडलेली सायकल झटपट नीट करतो. कोणी फारसे बोलत नाही, पण त्याचे अक्षर मोत्यासारखे असते. खेळाच्या संघाचे किंवा स्नेहसंमेलनाचे काम तुमच्याकडे येईल, तेव्हा अशा मुलांना हाक मारून पाहा. ज्यांना आजवर कोणी विचारले नाही, तेच कदाचित तुमचे काम तडीस नेतील.